विरणारा टांका

मनुष्याच्या मुखांत सर्वांत शेवटीं, साधारणतः सतरा ते पंचवीस या वयाच्या दरम्यान, जी दाढ उगवते तिला आपण अक्कलदाढ म्हणतों. हें नांव केवळ आपल्याकडेच पडलें असें नव्हे. ग्रीक, लॅटिन व अरबी या तिन्ही भाषांत तिचा संबंध शहाणपणाशींच जोडलेला आहे. आणि आपल्या नांवांतील ‘अक्कल’ हा शब्द तर अरबींतूनच फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आलेला आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत ही दाढ विसाव्या वर्षाच्या सुमारास येते असें सांगून, ऐंशी वर्षांपुढील कांहीं स्त्रियांनाहि ती आल्याचें व तिनें त्यांस फार वेदना दिल्याचें नमूद केलें आहे. अक्कल केव्हां येईल याचा नेम नाहीं, हा सिद्धांत याप्रमाणें निदान तेवीसशें वर्षांचा जुना ठरतो. आमच्या बाबतींत तो पन्नाशी उलटल्यावर खरा ठरला.

खालच्या जबड्यांत आडवी पडून राहिलेली आमची एक दाढ गेल्या वर्षीं काढावी लागली. दंतवैद्य बाई वयानें आमच्या विद्यार्थिनींसारख्या; पण हात स्थिर आणि बोलणें नेमकें. त्यांनीं हिरडी उघडून दाढ तुकड्यांनीं बाहेर काढली, दोन टांके घातले आणि सांगितलें, “सर, हे टांके आपोआप विरतील. काढायला येण्याचें कारण नाहीं. फक्त त्यांना हात लावूं नका.” काळजी कशी घ्यावी याचा एक छापील कागदहि त्यांनीं दिला. तीस वर्षें दुसऱ्यांस ग्रंथ वाचावयास सांगणाऱ्या आम्हीं तो कागद घडी घालून खिशांत ठेवला. चौथ्या दिवशीं दोऱ्याचें एक टोंक जिभेस टोंचूं लागलें. विरावयाचाच आहे तर आजच कां जाऊं नये, असा तर्कशुद्ध विचार करून आम्हीं आरशासमोर उभे राहून तें टोंक चिमट्यांत धरलें व ओढलें. पुढील अर्धा तास रक्त थांबविण्यांत गेला. आमच्या थोरल्या भगिनी दारांत उभ्या राहून हें सर्व पाहत होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, “अरे, लहानपणीं गुडघ्याची खपली उकरायचास, आतां दाढेची उकरतोस. इतकीं पुस्तकं वाचून फरक तो काय पडला?”

या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. दाढेच्या खळग्यांत धरलेली रक्ताची गुठळी निसटली, तळचें हाड उघडें पडलें, आणि पुढील पांच रात्री जबड्यापासून कानापर्यंत कळ मारीत राहिली. त्या रात्रींत झोंप नसल्यामुळें एक विचार मात्र मनांत घोळूं लागला. जखम शिवावी हें मनुष्यास सुचणें स्वाभाविक आहे; परंतु जो धागा टिकणार नाहीं, त्याच्या हवालीं जखम करावी हें प्रथम कोणास सुचलें असेल? शिंपी किंवा चांभार अशा धाग्यास हातहि लावणार नाहीं. शस्त्रवैद्यानें मात्र तोच शोधून काढला. हा शोध कसा लागला, आणि त्यासाठीं कोणीं काय मोजलें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

जखम शिवण्याची कला फार प्राचीन आहे. इजिप्तमधील एडविन स्मिथ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमाराच्या लेखपटांत शिवलेल्या जखमांचा उल्लेख सांपडतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत या विषयाचें जें विवेचन आहे, तें वाचून आजचा शस्त्रवैद्यहि मान डोलवील. अश्मंतकाच्या सालीचा तंतु, शण, क्षौम, स्नायु, केस, मूर्वा, गुळवेल इतके प्रकार धाग्यासाठीं तेथें सांगितले आहेत. सुईहि एकाच घाटाची नाहीं. मांसल भागासाठीं त्रिधारी आणि मर्मस्थानें व उदर यांसाठीं धनुष्यासारखी वांकडी सुई वापरावी असें सांगितलें आहे. टांका कडेपासून फार दूर घातला तर वेदना होतात व फार जवळ घातला तर कड फाटते, हा त्यांतील इशारा आजहि जसाच्या तसा शिकवितां येईल. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत लक्षणीय भाग चिकित्सास्थानांत आहे. फाटलेल्या आंतड्याच्या कडा एकत्र आणून त्यांस काळे मुंगळे चाववावे, आणि ते घट्ट चावले म्हणजे त्यांचीं शरीरें तोडून डोकीं तेवढीं तशींच ठेवावीं, असा तो विधि आहे. उदर शिवून बंद केल्यावर आंतील टांका काढावयास पुन्हां जातां येत नाहीं. तेव्हां आंत असें कांहीं ठेवावें कीं जें तेथें राहिलें तरी चालेल, ही अडचण त्या जुन्या वैद्यानें स्पष्ट ओळखली होती. विरणाऱ्या टांक्याच्या इतिहासाचा आरंभ आम्ही या मुंगळ्यांपासून करतों.

टांक्यावांचूनहि काम साधण्याचा एक प्रयोग आपल्या पुण्याशीं निगडित आहे. इंग्रजांच्या फौजेंत बैलगाडी हांकणारा कावसजी नांवाचा एक इसम १७९२ च्या लढाईंत टिपूच्या लोकांच्या हातीं लागला व त्याचें नाक कापण्यांत आलें. पुढें पुण्याजवळ एका कारागिरानें कपाळाची कातडी वळवून त्याला नवें नाक करून दिलें. ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत चित्रासह प्रसिद्ध झाली आणि त्यावरून युरोपांत नाक घडविण्याच्या शस्त्रक्रियेचें पुनरुज्जीवन झालें, हें बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु त्या वर्णनांतील एक बारकावा सहसा कोणी सांगत नाहीं. ती कातडी जागेवर धरून ठेवण्यासाठीं टांके घातले नव्हते; पाण्यांत भिजवून मऊ केलेला कात लेप म्हणून वापरला होता. ज्या काताने विडा रंगतो, त्याच काताने नाक जडलें!

आतां मूळ मार्गाकडे वळूं. दुसऱ्या शतकांतील गॅलेन हा पर्गामम येथें द्वंद्वयोद्ध्यांचा वैद्य होता, त्यामुळें उघड्या जखमांचा त्याला तोटा नव्हता. त्यानें रक्तवाहिन्या बांधण्यासाठीं रेशमाप्रमाणेंच तांतीचाहि उल्लेख केला आहे. दहाव्या शतकांत कॉर्डोव्हा येथें अल्-झहरावी या नांवाचा थोर शस्त्रवैद्य होऊन गेला. त्याच्या तीस भागांच्या ग्रंथांत प्राण्याच्या आंतड्यापासून काढलेल्या बारीक तंतूनें मनुष्याचें आंतडें शिवण्याची रीत दिली आहे. दांत खरवडण्याचीं हत्यारें त्यानें चित्रें काढून दाखविलीं आणि हलणारे दांत सोन्याच्या तारेनें बांधण्याची युक्तिहि सांगितली. आंतडें आणि दांत या दोहोंचा कैवारी असा हा पुरुष आमच्या कथेंत येणें उचितच होय.

इंग्रजींत या तांतीस ‘कॅटगट’ म्हणतात. पण मांजराचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. ती मेंढीच्या किंवा गुरांच्या आंतड्याच्या थरांपासून पीळ देऊन करतात. आपल्या पिढीनें दारावरून जाणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीवर जी तांत पाहिली, जिच्या टणत्कारानें दुपारची झोंप मोडत असे, तीच ही. सारंगींतून करुण स्वर काढणारी तीच. कापूस पिंजणें, गाणें आणि जखम शिवणें हीं तिन्ही कामें एकाच वस्तूनें करावीं, हें थोडें आश्चर्य नव्हे.

तथापि तांत माहीत असूनहि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांतील सर्वसाधारण रीत निराळीच होती. कापलेल्या अवयवांतील रक्तवाहिनी रेशमाच्या किंवा तागाच्या दोऱ्यानें बांधीत आणि त्या दोऱ्याचें लांब टोंक जखमेंतून बाहेर लोंबत ठेवीत. आंत पू होऊन दोरा सडून सैल झाला कीं तो बाहेर येई. तो सुटला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वैद्य रोज तें टोंक हलकेंच ओढून पाही. कधीं कधीं दोऱ्याबरोबर रक्तवाहिनीचें तोंडहि सुटे आणि रोगी अंथरुणांतच रक्तस्राव होऊन मरे. आरशासमोर उभे राहून आम्हीं जें अज्ञानानें केलें, तें त्या काळीं शास्त्र म्हणून चालत होतें. फिलाडेल्फियाचा फिलिप सिंग फिझिक यास १८१६ च्या सुमारास असें आढळलें कीं, ओल्या जखमेवर चामड्याची पट्टी विरघळते. त्यावरून त्यानें चामड्याच्या बारीक वाद्यांनीं रक्तवाहिन्या बांधून पाहिल्या. लंडनच्या ॲस्टली कूपरनें १८१७ मध्यें ऐंशी वर्षांच्या एका वृद्धाची धमनी तांतीनें बांधली, व जखम थोड्याच दिवसांत भरून आली. पुढील प्रयत्नांत मात्र त्यास तसें यश आलें नाहीं. कल्पना बरोबर होती. परंतु जखम कुजते कां, हेंच कोणास ठाऊक नव्हतें.

तो अडसर जोसेफ लिस्टरनें दूर केला. ग्लासगो येथें १८६५ मध्यें त्यानें कार्बोलिक आम्लानें जखमा निर्जंतुक राखण्यास आरंभ केला, हें प्रसिद्ध आहे. त्यापुढचें पाऊल त्याहून शांतपणें टाकलें गेलें. १८६८ च्या अखेरीस, नाताळच्या सुट्टींत, एसेक्स परगण्यांतील अप्टन येथें वडिलांच्या घरीं असतांना त्यानें एका वासराच्या मानेंतील धमनी कार्बोलिकमध्यें भिजविलेल्या तांतीनें बांधली, टोंकें आंखूड कापलीं आणि जखम बंद केली. महिनाभरानें वासरूं मारून जागा उघडून पाहिली, तों तांत जशीच्या तशी दिसली. त्याची निराशा झाली. पण अधिक बारकाईनें पाहतां त्याच्या लक्षांत आलें कीं, दिसतें आहे ती तांत नव्हे; तिच्या जागीं, तिच्याच आकाराचा, सजीव ऊतीचा पट्टा तयार झाला आहे. धागा गेला होता आणि जातांना आपली जागा शरीराला देऊन गेला होता. हा वृत्तांत त्यानें १८६९ मध्यें ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केला. साधी तांत फार लवकर विरते असें दिसल्यावर क्रोमिक आम्लाचा संस्कार देऊन तिचें आयुष्य वाढविण्याची रीतहि त्यानेंच १८८१ मध्यें मांडली.

येथेंच कथा संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकांत शोभली असती; परंतु खरा इतिहास इतका सरळ नसतो. लिस्टरची तांत कार्बोलिकमिश्रित तेलांत मुरविलेली असे. त्याच १८८१ सालीं रॉबर्ट कॉखनें प्रयोगानें दाखविलें कीं, तेलांत मिसळलेलें कार्बोलिक काळपुळीच्या रोगबीजांना कांहींच करूं शकत नाहीं. याचा अर्थ असा कीं, जो धागा निर्जंतुक समजून शरीरांत पुरला जात होता, तोच कित्येक वेळां रोग आंत नेत होता. बर्नच्या थेओडोर कोखरनें १८८८ मध्यें तांतीस रजा देऊन रेशीम जवळ केलें. आणि बाल्टिमोरच्या विल्यम हॅल्स्टेडनें १९१३ मध्येंहि बारीक रेशीमच श्रेष्ठ असें प्रतिपादन केलें. तांतीचा कलंक पुसण्यास पुढें निर्जंतुकीकरणाच्या नव्या रीति व कारखान्यांतील काटेकोर तपासणी यांची गरज पडली. लिस्टरची थोरवी यानें उणी होत नाहीं. पण थोराच्या नांवानें चालणारी गोष्टहि तपासावीच लागते, आणि न तपासल्याची किंमत नेहमीं अंथरुणावरच्या माणसाकडून वसूल होते, एवढें या प्रकरणावरून शिकण्यासारखें आहे.

किंमतीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक नोंद करणें आमचें कर्तव्य होय. अमेरिकेंत अलाबामा संस्थानांत जे. मॅरियन सिम्स यानें १८४९ मध्यें चांदीच्या तारेचे टांके घालून बाळंतपणांतील एका दुर्धर व्याधीवर यश मिळविलें. तें यश ज्या कृष्णवर्णी गुलाम स्त्रियांच्या देहांवर मिळविलें, त्यांतील अनार्का नांवाच्या एकीवर त्यानें बेशुद्धीच्या औषधावांचून सुमारें तीस वेळां शस्त्र चालविलें. त्या स्त्रियांची संमति विचारण्याचा प्रश्न त्या समाजांत उद्भवतच नव्हता. पुतळे सिम्सचे उभारले गेले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील त्याचा पुतळा २०१८ मध्यें हलविण्यांत आला. आज आपल्या तोंडांत दोन टांके सुखानें पडतात, त्यामागें अशाहि कहाण्या आहेत याची जाणीव आपण ठेवावी.

दाढेपुरतें बोलावयाचें तर वेदनानाशाचा इतिहासहि याच सुमारास सुरू होतो. ११ डिसेंबर १८४४ रोजीं हार्टफर्ड येथील दंतवैद्य होरेस वेल्स यानें नायट्रस ऑक्साइड वायु हुंगून स्वतःची दाढ दुसऱ्या दंतवैद्याकडून काढविली. त्यास वेदना झाली नाहीं. पण पुढें त्याच्या वांट्यास उपहास आला आणि १८४८ मध्यें त्यानें आपल्याच हातानें जीवनाचा शेवट केला. वर उल्लेखिलेल्या हॅल्स्टेडनें १८८४ च्या सुमारास कोकेन टोंचून खालच्या जबड्याची नस बधिर करून दाखविली. त्या प्रयोगांपायीं त्यास स्वतःस व्यसन जडलें व त्याच्याशीं जन्मभर झगडावें लागलें. १९४३ मध्यें स्वीडनमध्यें लिडोकेन तयार झालें, तेव्हां कोठें निर्धास्तपणें नस बधिर करण्याचा मार्ग मोकळा झाला. हिरडी उघडणें, हाड कोरणें, दाढ तुकड्यांनीं काढणें व मग निवांतपणें टांके घालणें, हें सर्व रोगी जागा असतांना आज जें होतें, तें या माणसांच्या जोरावर.

विसाव्या शतकांत धाग्याचें रूपच बदललें. नायलॉनचा जनक वॉलेस कॅरोथर्स यानें १९३० च्या दशकांत अशीं कांहीं संयुगें बनविलीं होतीं कीं, तीं ओलाव्यानें तुटत. वस्त्रासाठीं तीं निरुपयोगी म्हणून तो दुसरीकडे वळला. पण वस्त्राचा जो दोष, तोच जखमेच्या धाग्याचा गुण! पुढें पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा ‘डेक्सॉन’ हा धागा १९७० मध्यें व ग्लायकॉलिक आणि लॅक्टिक अंश नवास एक या प्रमाणांत असलेला ‘व्हिक्रिल’ १९७४ मध्यें बाजारांत आला. तांत ही शरीराच्या पेशी आपल्या पाचकरसांनीं खाऊन टाकतात. त्यामुळें ती किती दिवसांत जाईल याचा नेम नसतो व तेथें दाहहि अधिक होतो. नवा धागा शरीरांतील पाण्यानेंच हळूहळू तुटतो, म्हणून त्याचें वेळापत्रक पुष्कळसें ठरलेलें असतें. त्यांतून सुटणारीं आम्लें परकीं नव्हेत. ग्लायकॉलिक आम्ल उसाच्या रसांत असतें आणि लॅक्टिक आम्ल आपल्या रोजच्या दह्यांत. युरोपांत गुरांच्या मेंदूच्या रोगाचें भय पसरल्यावर २००१ मध्यें तांत तेथून बहुतेक हद्दपार झाली.

आतां त्या छापील कागदाकडे येतों, जो आम्हीं पांच रात्री जागून झाल्यावर अखेर वाचला. टांका विरणारा आहे याचा अर्थ त्याची काळजी नको असा नव्हे. तोंडांत लाळ, जिव्हा व अन्न यांची सतत ये-जा असल्यामुळें साधी तांत तीनपांच दिवसांत, क्रोम दिलेली आठदहा दिवसांत, आणि कृत्रिम धागा जातीप्रमाणें दोन ते चार आठवड्यांत सुटतो. सुटतांना त्याचा तुकडा अन्नाबरोबर पोटांत गेला तर भिण्याचें कारण नाहीं. टोंक टोंचत असल्यास तें दंतवैद्याकडून कापून घ्यावें. स्वतः ओढूं नये. पहिल्या चोवीस तासांत चूळच भरूं नये व थुंकूं नये, कारण खळग्यांतील रक्ताची गुठळी हेंच खरें औषध असून टांका हा केवळ तिचा पहारेकरी आहे. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची आपली संवय उत्तम खरी. पण या प्रसंगीं तीच घातक. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचें पाणी तोंडांत घेऊन मान कलती करावी व तें आपोआप गळूं द्यावें. पहिल्या दिवशीं गालावर बाहेरून थंड शेक, मऊ व निवलेलें अन्न, नळीनें पेय न ओढणें, आणि विडी, तंबाखू, मशेरी यांस पूर्ण विश्रांति, हे नियम पाळावे. लवंग, हळद किंवा कात खळग्यांत भरूं नये. बाकीचे दांत हलक्या हातानें घासावे. अस्वच्छ तोंडांत कोणताच टांका सुखानें नांदत नाहीं. दाबून धरलेल्या कापसानेंहि रक्त थांबेना, तिसऱ्या-चौथ्या दिवशीं कळ कमी होण्याऐवजीं वाढली, सूज चढूं लागली, ताप आला, पू दिसला, किंवा तोंड उघडणें व गिळणें कठीण झालें, तर घरगुती सल्ल्यांत वेळ न दवडतां दंतवैद्याकडे जावें. आम्हीहि शेवटीं गेलों. बाईंनीं खळगा धुऊन औषध भरलें आणि कांहीं विचारलें नाहीं. न विचारण्यांतहि एक प्रकारची शिकवण असते, ती आम्हांस पोंचली.

मनुष्यानें बहुतेक वस्तु टिकाव्या म्हणून निर्माण केल्या. मंदिरें, ग्रंथ, नाणीं, पुतळे, सर्वांमागें टिकण्याची हौस आहे. हा एकच धागा असा कीं, ज्याची सारी योग्यता वेळेवर नाहींसें होण्यांत आहे. लवकर गेला तर जखम उघडते. रेंगाळला तर कुपथ्य करतो. तेवढ्या मोजक्या मुदतींत कडा एकमेकींस धरून ठेवणें, आणि त्या आपल्या बळावर जुळल्या कीं गाजावाजा न करतां निघून जाणें, हें त्याचें काम. अध्यापनाचा धंदा करणाऱ्यास यांत आपलें प्रतिबिंब दिसलें तर नवल नाहीं. आमच्या भगिनींस आम्हीं हा विचार मोठ्या उत्साहानें सांगितला. त्या म्हणाल्या, “हें चौथ्या दिवशीं सुचलं असतं तर बरं झालं असतं.” अक्कल येण्यास दाढ जावी लागते, हें ॲरिस्टॉटलनें लिहून ठेवलें नाहीं, तें आमच्याकडून वाचकांनीं टिपून घ्यावें.